"सावधान"च्या आधीच अक्षता पडतात! कॅसेटवरून डीव्हीडी करताना आवाज मागे राहतो, मदत हवी

गोकुळपेठी | १३ एप्रिल, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आई-बाबांच्या लग्नाला २५ वर्षं होतात. १९८८ ची व्हीएचएस कॅसेट आहे, नागपूरच्या महाल भागातल्या मंगल कार्यालयातलं लग्न. म्हटलं डीव्हीडी करून त्या दिवशी सगळ्यांसमोर लावू, आणि पाच-सहा कॉप्या काढून मामा-आत्यांना देऊ. मावशीच्या माळ्यावरून व्हीसीआर उतरवला, बर्डीवरून यूएसबीवाला कॅप्चर डोंगल आणला, १३० मिनिटांची कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली. इथपर्यंत मी स्वतःला लई शहाणा समजत होतो.

मग सुरू झालं. डोंगलच्या सॉफ्टवेअरनी आवाज ४४.१ किलोहर्ट्झला घेतला, डीव्हीडीचं सॉफ्टवेअर म्हणते ४८ पाहिजे. कुठलंसं एक छोटं टूल सापडलं त्यात ४८ वर टिक केलं तर भटजी उंदरासारखे बोलायला लागले आणि १३० मिनिटांचा आवाज ११९ मिनिटांत संपला. ते सोडून दुसऱ्या कन्व्हर्टरने केलं, आता भटजी माणसासारखे बोलतात. पण व्हिडिओ वेगळा, एसी३ (डीव्हीडीला चालणारा दाबलेला) आवाज वेगळा करून दोन्ही मक्स केले, म्हणजे एका फाइलीत एकत्र केले, की सीमांतपूजनात सगळं बरोबर, मंगलाष्टकांपर्यंत आवाज दीडेक सेकंद मागे, आणि पाठवणीला तर आई रडून झाल्यावर रडण्याचा आवाज येतो. अक्षता पडून जातात, मग "सावधान" ऐकू येते.

मक्स करताना दीड सेकंदाचा डिले दिला तर मंगलाष्टकं जमली पण सीमांतपूजन बिघडलं. चार कोऱ्या डीव्हीडी वाया गेल्या. चूक नेमकी कुठे होऊन राहिली?

तर्रीपोहे | १३ एप्रिल, रात्री ११:५८

अबे भाऊ, यात चूक काय आहे? "सावधान" ऐकू येईपर्यंत काम झालेलं होतं. सगळ्यांच्याच लग्नात असंच होते, राजा.

बिटरेट_बंडू | १४ एप्रिल, रात्री १२:२०

तर्री :D

गोकुळपेठी, तुझ्याकडे दोन वेगळे आजार आहेत, एकाच गोळीने बरे नाही व्हायचे.

पहिला, उंदीरवाला. ४४.१ चा आवाज ४८ करणं म्हणजे प्रत्येक सेकंदाचे ४४,१०० नमुने घेऊन त्यातून हिशोबाने ४८,००० नवे तयार करणं. तुझ्या त्या टूलने काही तयार केलं नाही, नुसती पाटी बदलली. आतले नमुने तेवढेच, पण प्लेयर आता सेकंदाला ४८,००० ओढतो, म्हणून सगळं ८.८ टक्के जोरात पळते. १३० भागिले १.०८८, काढून पाहा, ११९ च येते. म्हणजे हा आजार बरा झाला, विषय संपला.

दुसरा जास्त वाईट. आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच मागे असता तर डिले देऊन भागलं असतं. तुझा वाढत जाऊन राहिला आहे. वाढत्या फरकाला मक्सिंगमध्ये औषध नाही, तू कितीही मक्सर बदल. आता मला आकडे दे. व्हिडिओची एकूण लांबी किती, आवाजाची किती, आणि चार-पाच ठिकाणी फरक मोजून सांग. फरक सरळ रेषेत वाढतो की पायऱ्या पायऱ्यांनी, यावर सगळं आहे.

धंतोलीची_सून | १४ एप्रिल, सकाळी ७:१५

आमच्याकडे पण हेच होतं पण वेगळं निघालं. सासऱ्यांनी नवीन एलसीडी घेतला आणि आवाज जुन्या होम थिएटरमधून, तर प्रत्येकच डीव्हीडीत ओठ मागे आवाज पुढे. मी बिचारी महिनाभर माझ्या डीव्हीडीला दोष देत होते. टीव्ही चित्रावर काहीतरी प्रक्रिया करतो त्यात त्याला वेळ लागतो, आणि आवाज टीव्हीतून न जाता सरळ स्पीकरला जातो. टीव्हीच्या मेनूत चित्राचा गेम मोड केला, बरंच जुळलं. गोकुळपेठी, विकतची एखादी डीव्हीडी लावून बघ आधी.

गोकुळपेठी | १४ एप्रिल, सकाळी ९:०५

ताई, विकतच्या बरोबर चालतात, बघितलं. आमचा टीव्ही अजून डब्बाच आहे, तो कसली प्रक्रिया करत नाही, उशिरा सुरू होतो तेवढंच.

बंडूदादा, व्हिडिओ २ तास ९ मिनिटं ५६ सेकंद. आवाज २ तास १० मिनिटं. बाकीचं मोजून सांगतो.

खामल्याचा_राजू | १४ एप्रिल, सकाळी १०:३०

एवढी मेहनत कशाला, यूट्यूबवर टाक आणि लिंक पाठव सगळ्यांना. डीव्हीडी आता कोण बघते?

गोकुळपेठी | १४ एप्रिल, सकाळी १०:४१

माझा वरुडचा मामा बघतो. त्याच्याकडे नेट नाही, डीव्हीडी प्लेयर आहे आणि त्याच्यावर क्रोशाचं कव्हर आहे.

शूटिंगवाले_काका | १४ एप्रिल, दुपारी १:५०

बेटा मी १९८६ पासून नागपुरात लग्नाचं शूटिंग करतो, तेव्हा खांद्यावर कॅमेरा, कमरेला रेकॉर्डरचा डब्बा आणि मागे लाईट धरणारा पोऱ्या असे आमचे तीन जणांचे वऱ्हाड असायचे. तुझ्या आईवडिलांचं लग्न मीच केलं असेल तर आश्चर्य वाटून घेऊ नको (म्हणजे शूट केलं).

तुला एक गोष्ट सांगतो जी सॉफ्टवेअरवाले सांगत नाहीत. त्या काळात बॅटरी वाचवायला आणि कॅसेट पुरवायला आम्ही कॅमेरा सारखा बंद-चालू करायचो. सीमांतपूजन झालं, बंद. नवरदेव घोड्यावर, चालू. पट्टीवर प्रत्येक वेळी जिथे बंद-चालू झालं तिथे सिग्नलचा सांधा नीट बसलेला नसतो, टीव्हीवर एक झटका दिसतो, चित्र वरती उडी मारते आणि परत बसते. टीव्हीला त्याचं काही वाटत नाही. पण तुझा डोंगल तिथे गांगरतो आणि पाच-दहा-वीस फ्रेमा गाळून टाकतो. आवाज मात्र दुसऱ्या रस्त्याने साउंड कार्डात येत असतो, तो एक थेंब गाळत नाही. म्हणून व्हिडिओ आखूड, आवाज लांब. चार सेकंद म्हणजे आपल्या पालमध्ये, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमांच्या टीव्ही पद्धतीत, १०० फ्रेमा. एकूण १,९५,००० मधून १०० गेल्या, काहीच नाही म्हणशील, पण अक्षता पुढे गेल्या ना.

पट्टीला चुरगळ्या असतील तिथेही हेच होते. आणि कॅप्चर चालू असताना त्याच बोर्डावरचा कुलर कोणी सुरू करू देऊ नको. माझ्याकडे कुलरची मोटर उचलली की चित्रावर आडवी रेघ यायची, एप्रिल-मे मध्ये मी हे काम रात्रीच करायचो.

कोथरूडची_मावशी | १४ एप्रिल, दुपारी ३:१०

काकांचं निदान पटलं. पण गोकुळपेठी, तू फरक अक्षतांवरून मोजतो आहेस ही मूळ चूक आहे. अक्षता हे मोजमापच नव्हे. पाहुण्यांना दम नसतो, कोणी "शुभ" ला टाकतं कोणी "मंगल" ला, आणि मागच्या रांगेतले तर भटजींना नेम धरून टाकतात. जिथे दिसतं आणि ऐकू येतं ते एकाच क्षणी होतं अशी जागा शोध. टाळी, नारळ फोडणं, ताशावर काडी पडणं.

तर्रीपोहे | १४ एप्रिल, दुपारी ३:२२

पुण्यात अक्षता पण वेळेवर टाकतात का मावशी? १ ते ४ बंद?

कोथरूडची_मावशी | १४ एप्रिल, दुपारी ३:४०

माहेर नागपूरचंच, रामदासपेठ आहे माझं. तोंड सांभाळून.

शुद्ध_सूर | १४ एप्रिल, संध्याकाळी ६:००

माझं एक वेगळं म्हणणं. एसी३ करूच नका. ते कॉम्प्रेशन आहे, सनईचा जीव जातो त्यात. डीव्हीडीला एलपीसीएम चालतो, म्हणजे वेव्ह फाइल जशीच्या तशी. मी माझ्या सगळ्या डीव्हीडी एलपीसीएम मध्येच करतो. फक्त माझ्याकडे मक्स करताना मधूनच "बफर अंडरफ्लो" असे मेसेज येतात आणि जुन्या प्लेयरवर चित्र अडकते, ते सोडून उत्तम.

बिटरेट_बंडू | १४ एप्रिल, संध्याकाळी ६:३५

"ते सोडून उत्तम" :) व्हिडिओला बिटरेट, म्हणजे सेकंदाला किलोबिट, किती देता?

शुद्ध_सूर | १४ एप्रिल, संध्याकाळी ६:४८

९०००. कमी कशाला द्यायचं?

बिटरेट_बंडू | १४ एप्रिल, संध्याकाळी ७:३०

तिथेच मेलं. डीव्हीडीत सगळं मिळून, चित्र आवाज सबटायटल, सेकंदाला १०.०८ मेगाबिटच्या वर जाता येत नाही. तुमचा एलपीसीएम स्टीरिओ एकटा १.५३६ खातो. ९ अधिक १.५३६ म्हणजे साडेदहाच्या वर. सरासरी कमी असली तरी जिथे जिथे व्हिडिओ शिखरावर जातो तिथे मक्सर हात वर करतो.

मक्सिंग म्हणजे काय हे दोघातिघांनी व्यनित (व्यक्तिगत निरोपात) विचारलं म्हणून इथेच सांगतो. पंगत समजा. भातवाला आणि वरणवाला एकाच रांगेतून चालले आहेत, डीव्हीडीत एकच वाट असते, दोन नाही. प्रत्येक वाढप २०४८ बाइटचं पाकीट, त्यात एक तर चित्र नाही तर आवाज, आणि पाकिटावर लिहिलेलं की हे अमुक क्षणी खायचं. प्लेयरचं ताट म्हणजे बफर. ताट छोटं असते, फार आधी वाढलं तर सांडते, उशिरा वाढलं तर पाहुणा हात वर करून बसतो, तो म्हणजे अंडरफ्लो. मक्सरचं काम फक्त वाढायचा क्रम लावणं. भात कच्चा असेल तर वाढपी काय करणार? म्हणून म्हटलं, गोकुळपेठीचा फरक मक्सरने नाही मिटणार.

आणि एक, डीव्हीडीच्या पंगतीत मध्ये मध्ये नेव्हिगेशनची पाकिटं पण लागतात, रिमोटने पुढे-मागे जायला. साधा एमपेग मक्स करून डीव्हीडीवाल्या सॉफ्टवेअरला दिला तर काही सॉफ्टवेअर कुरकुर करतात. मक्सरमध्ये डीव्हीडीचा वेगळा प्रकार निवडावा लागतो, एमप्लेक्स नावाच्या मक्सरमध्ये तो ८ नंबरचा आहे.

तर्रीपोहे | १४ एप्रिल, संध्याकाळी ७:३३

भूक लागली बे. पंगतीत सावजी असते का?

निवृत्त_रेडिओवाला | १४ एप्रिल, रात्री ९:१०

मी आकाशवाणीत तांत्रिक विभागात होतो, टेप आणि हेड यातच आयुष्य गेले. शुद्ध सूर यांच्या भावनेचा आदर आहे, पण आधी पट्टीवर काय आहे ते बघा. आपली गाण्याची साधी कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर धावते. व्हीएचएसची पट्टी पालमध्ये सेकंदाला २.३४ सेंटिमीटर, म्हणजे निम्म्याहूनही कमी. आणि साध्या व्हीसीआरमध्ये आवाज त्या पट्टीच्या काठावरच्या एका बारीक रेघेत, सरळ उभ्या हेडने लिहिलेला. हायफाय मशीनची गोष्ट वेगळी, पण १९८८ च्या लग्नाच्या कॅसेटवर हायफाय आवाज मी तरी पाहिला नाही. या रेघेत दहा हजार हर्ट्झच्या वर जवळपास काही उरत नाही, खाली फुसफुस. त्या सनईचा जीव २५ वर्षांपूर्वीच गेला आहे, एसी३ च्या माथी खून मारू नका.

मोनोच आहे, १९२ किलोबिटचा एसी३ भरपूर झाला. मोनो व्हीसीआरला एकच पांढरी पिन असते, त्यामुळे कॅप्चरमध्ये आवाज फक्त डाव्या बाजूला येतो. तो दोन्हीकडे करून घ्या, नाहीतर मामा म्हणतील एक स्पीकर बंद आहे.

बिटरेट_बंडू | १४ एप्रिल, रात्री ९:३०

सर __/\__

शिवाय जागेचा हिशोब. कोऱ्या डीव्हीडीवर लिहिलेलं असते ४.७ जीबी, म्हणजे ३७६० कोटी बिट. १३० मिनिटं म्हणजे ७८०० सेकंद. भागा, सेकंदाला सगळं मिळून ४.८ मेगाबिटच येतात. त्यातून एलपीसीएमचे १.५ गेले तर चित्राला सव्वातीन. एसी३ चे फक्त ०.१९ गेले तर थोडी पाकिटांची भरती सोडून चित्राला आरामात ४.४. आणि व्हीएचएसमध्ये आडवा तपशील तसाही कमीच, ३५२ बाय ५७६ हा पण डीव्हीडीला मान्य आकार आहे, तो घेतला तर ४.४ मध्ये चित्र मस्त बसते.

एडिसनकर | १५ एप्रिल, पहाटे ५:०५

अमेरिकेतल्या न्यू जर्सीतून. धाग्यात घुसतोय त्याबद्दल माफी. बाबांनी नागपूरहून माझ्या मुंजीची डीव्हीडी पाठवली होती, इथल्या प्लेयरवर लागतच नाही, "रीजन चूक" म्हणाले दुकानात. लॅपटॉपवर लागते. कोणी म्हणालं एनटीएससी (इकडची टीव्ही पद्धत) करून घे. केलं तर आवाज ४ टक्के हळू करावा लागतो का? नेटवर तसं वाचलं.

बिटरेट_बंडू | १५ एप्रिल, सकाळी ८:२०

घरी केलेल्या डीव्हीडीला रीजन नसतोच, दुकानदाराने कटवलं. तुमची पालमध्ये आहे, तिकडचे बरेच प्लेयर पाल वाचत नाहीत, एवढंच. आपल्याकडचे बहुतेक प्लेयर दोन्ही खातात म्हणून आपल्याला ही भानगड कळत नाही.

४ टक्केवाली गोष्ट सिनेमाची. २४ फ्रेमचा सिनेमा पालसाठी २५ ने पळवतात तेव्हा आवाज पण पळवावा लागतो. तुमची मुंज २५ नेच शूट झाली, एनटीएससी करताना फ्रेमांची संख्या बदलते पण मिनिटं तेवढीच राहतात. आवाजाला हात लावू नका, लावला तर गायत्री मंत्र पुढे आणि बटू मागे. फक्त आवाज एमपी२ (आवाज दाबायचा दुसरा प्रकार) असेल तर एसी३ करून घ्या, एनटीएससी प्लेयरला एमपी२ वाचायची सक्ती नाही.

शूटिंगवाले_काका | १५ एप्रिल, सकाळी ११:१५

एमपी२ वरून आठवलं, ज्यांच्याकडे २००० नंतरच्या लग्नाच्या व्हीसीडी आहेत त्यांनी हे वाचा. व्हीसीडीचा आवाज ४४.१ चाच असतो, नियमच तसा होता, २२४ चा एमपी२. म्हणून व्हीसीडी डीव्हीडीवर टाकताना सगळे अडतात. पण चित्र पुन्हा बनवू नका! व्हीसीडीचं ३५२ बाय २८८ चं एमपेग-१ चित्र डीव्हीडीला जसंच्या तसं चालते. दोघांना वेगळं करा, फक्त आवाज ४८ ला बदला, परत एकत्र करा. आधीच धुतलेलं चित्र परत धुतलं तर राहिलेला रंग पण जाते. माझ्याकडे येणारी निम्मी गिऱ्हाईकं चित्र खराब करून मगच येतात.

गोकुळपेठी | १५ एप्रिल, रात्री १०:५०

मोजलं! मावशी म्हणाल्या तसं अक्षता सोडून ताशावाल्याची काडी धरली, आणि जिथे ताशा नाही तिथे टाळ्या. ऐका.

४ मिनिटांवर फरक शून्य. ४८ वर दीड सेकंद. ७० वर पण दीडच! ९५ वर तीन. शेवटी चार. म्हणजे पायऱ्या. आणि काका, तुम्ही म्हणाला तेच, प्रत्येक पायरीच्या जागी चित्र उडी मारते. घोड्यावरून उतरतात तिथे एक, पंगत सुरू होते तिथे एक मोठी.

मी आधी काय करणार होतो माहीत आहे? ऑडासिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये टेंपो बदलून आख्खा आवाज चार सेकंदांनी आवळणार होतो.

बिटरेट_बंडू | १५ एप्रिल, रात्री ११:०५

ते केलं असतं तर दोन्ही टोकं जुळली असती आणि मधलं सगळं लग्न बेसूर. टेंपो आवळणं फक्त सरळ रेषेत वाढणाऱ्या फरकाला, म्हणजे साउंड कार्डाचं घड्याळ आणि कॅप्चरचं घड्याळ थोडं वेगळं पळते तेव्हा.

तुला दोन रस्ते. एक, प्रत्येक पायरीच्या जागी आवाजातून तेवढा तुकडा काप. तिथे दृश्य तसंही बदलते, कोणाला कळणार नाही. मी असतो तर हेच केलं असतं, एक रात्रीचं काम.

शूटिंगवाले_काका | १६ एप्रिल, सकाळी ८:४०

दुसरा रस्ता मी सांगतो, परत कॅप्चर कर. बंडूचा रस्ता चूक नाही पण लहान लहान सांधे तुला सापडणार नाहीत, चार-पाच फ्रेमांचे, आणि ते साठत जातात. तुझ्या डोंगलनेच करायचं तर व्हर्च्युअलडब हे कॅप्चरचं सॉफ्टवेअर वापर, तो किती फ्रेमा गळल्या ते समोर मोजून दाखवतो आणि जिथे गळली तिथे रिकामी फ्रेम टाकून जागा भरायची सोय त्यात आहे. त्यापेक्षा चांगलं म्हणजे मिनीडीव्ही कॅमेरा मधे घाल. व्हीसीआरची वायर कॅमेऱ्याच्या एव्ही-इनमध्ये, कॅमेऱ्यातून फायरवायरने (डिजिटल केबलने) कॉम्प्युटरमध्ये. आवाज आणि चित्र कॅमेऱ्यातच एकत्र बांधले जातात, आणि माझा कॅमेरा सांध्यावर गडबडला तर मागचीच फ्रेम परत देतो, गाळत नाही, त्यामुळे मोजणी बिघडत नाही. तासाला १३ जीबी लागते, डिस्क मोकळी ठेव आणि तिचं फॉरमॅट एनटीएफएस असू दे, एवढी मोठी फाइल मावायला.

कॅमेरा माझा घेऊन जा. महालात ये, व्यनि कर. परत आणून दे म्हणजे झालं.

तर्रीपोहे | १६ एप्रिल, सकाळी ९:००

काका मले पण द्या न. माझं लग्न व्हायचं आहे अजून, पण तयारी राहते.

गोकुळपेठी | २१ एप्रिल, रात्री १२:३५

काकांकडे जाऊन आलो. काकूंनी आलूबोंडा खाऊ घातला, कॅमेरा मिळाला, वर दोन मिनीडीव्ही कॅसेटी पण दिल्या "ठेव, आता कोण वापरते" म्हणून.

रात्री कुलर बंद करून बनियनवर बसून कॅप्चर केलं. अंगाची लाही लाही. २८ जीबी झाली. फरक तपासला, ताशा शेवटपर्यंत काडीला काडी!! पण एक घोळ. फाइलची माहिती बघितली तर आवाज ३२ किलोहर्ट्झ दाखवते. काकांच्या कॅमेऱ्यात १२ बिटवर सेटिंग होतं, १६ बिट केलं असतं तर ४८ आला असता. परत करू का? परत करायचं जिवावर आलं आहे, खरं सांगतो.

शुद्ध_सूर | २१ एप्रिल, सकाळी ६:५०

परत करा. ३२ म्हणजे अर्धा आवाज गेला.

निवृत्त_रेडिओवाला | २१ एप्रिल, सकाळी ७:३०

काही करू नका. ३२ हजार नमुन्यांत सोळा हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो. तुमच्या पट्टीवर दहाच्या वर काही नाही हे आधीच बोललो. रिकाम्या भांड्याचा आकार मोजून काय करायचे? फक्त ४८ करताना नमुने खरे तयार होतात की नुसती पाटी बदलते ते पाहा. या वेळी पाटी बदलली तर भटजी उंदीर नाही, डास होतील.

बिटरेट_बंडू | २१ एप्रिल, सकाळी ९:१५

सर फॉर्मात आहेत :D

एफएफएमपेग या कन्व्हर्टरला टार्गेट म्हणून पाल-डीव्हीडी दिलं की ४८, एसी३, फ्रेमरेट सगळं तो स्वतःच लावतो, फक्त आवाजाचा बिटरेट तो ४४८ धरतो, तो १९२ सांग. चित्राचा पण ६००० धरतो, तो ४४०० कर, नाहीतर एका डीव्हीडीत मावणार नाही. कमांड देवनागरीत लिहून तुझा जीव घेत नाही, व्यनित टाकतो. आणि आता पहिली चाचणी आरडब्ल्यूवर (पुसून परत लिहिता येणाऱ्या डीव्हीडीवर) कर बाबा, कोऱ्या फुकट घालवू नको. शेवटच्या कॉप्या ८ च्या स्पीडला जाळ, १६ ला जाळलेल्या जुन्या प्लेयरवर कधी कधी अडतात.

गोकुळपेठी | १२ मे, दुपारी ४:२०

मंडळी, झालं. आठ तारखेला रात्री जेवणं उरकल्यावर लावली. हॉलमध्ये अठरा माणसं, त्यात वरुडचा मामा सकाळच्या गाडीने आलेला. पहिली पाच मिनिटं कुलरच्या आवाजात कोणालाच काही ऐकू येईना, मग बाबांनीच उठून कुलर बंद केला, सगळे वर्तमानपत्राने वारा घेत बसले पण कोणी हललं नाही. आजी आता नाही, ती सीमांतपूजनात ताट घेऊन येते आणि कोणालातरी "अरे हळद कुठं ठेवली" विचारते, तेवढं वाक्य आत्याने तीनदा मागे नेऊन ऐकलं. रिमोटने मागे-पुढे व्यवस्थित झालं, बंडूदादा, तुझी नेव्हिगेशनची पाकिटं कामी आली.

आणि आता ऐका. मंगलाष्टकं आली, ताशा बरोबर, भटजींचे ओठ बरोबर, आणि पहिल्या "सावधान"च्या चांगली दोन सेकंद आधी डावीकडून एक मूठभर अक्षता येऊन बाबांच्या बाशिंगावर पडल्या! माझा जीव अर्धा झाला, म्हटलं गेलं परत. तर आई हसायला लागली. म्हणे तो वरुडचा दादा, तेव्हाही असाच घाई करत होता, भटजी रागावले होते त्याला. मामा म्हणे मला बस पकडायची होती.

कोथरूडची_मावशी | १२ मे, दुपारी ४:४५

मी सांगितलं होतं.

शूटिंगवाले_काका | १२ मे, संध्याकाळी ५:३०

तो कोपरा मला आठवून राहिला बेटा. बाशिंगावर अक्षता पडल्यावर कॅमेरा एकदम डावीकडे वळतो का? वळत असेल तर तो मीच.

गोकुळपेठी | १२ मे, संध्याकाळी ५:३४

काका वळतो!! आणि मामाच्या तोंडावर थांबतो!

तर्रीपोहे | १२ मे, संध्याकाळी ५:४०

अरारारा. काकाले पार्टी मागा कोणी तरी.

जरीपटका_नवीन | १४ मे, सकाळी ११:००

धागा वर काढतोय. माझ्याकडे १९९१ ची कॅसेट आहे, खिडकीतून पट्टीवर पांढरी पावडर दिसते, माळ्यावर कुलरच्या वर ठेवली होती. सरळ व्हीसीआरमध्ये टाकू का? आणि व्हीसीआर कोणाकडे मिळेल?

निवृत्त_रेडिओवाला | १४ मे, सकाळी ११:२०

टाकू नका! बुरशी आहे, हेडला चिकटेल आणि पुढची प्रत्येक कॅसेट खराब होईल. आधी कोरड्या जागी ठेवा, हाताने फिरवू नका, आणि मला पट्टीचा फोटो पाठवा.

गोकुळपेठी | १४ मे, सकाळी ११:३१

व्हीसीआर माझ्याकडे आहे अजून. सर हो म्हणाले की घेऊन जा.